उमेळ्याच्या भिंतीवरचे कॉकपिट

विषय : वैमानिक कु. प्रिन्सी यांचा बेस गुवाहाटीहून मुंबई करून मिळणेबाबत.
संदर्भ : गतवर्षीच्या ३ मार्चचा अर्ज व त्यानंतरची दोन स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मी एक फ्लेक्स बोलतो आहे. ही सुरुवात माझी नव्हे. उमेळ्यात ज्यांच्या भिंतीवर मी टांगलेला आहे, ते मार्सेलसाहेब सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना मसुदा लिहिता येत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. या घरच्या भिंतीला एव्हाना लघुलेखनही येत असेल.

माझा जन्म वसई रोड स्टेशनजवळच्या एका छपाईच्या दुकानात झाला. एकाच गुंडाळीतून आम्ही दोघे भाऊ निघालो. थोरल्यावर कुण्या दादांचा वाढदिवस छापला गेला. मधोमध दादा फोनवर बोलताहेत आणि भोवती शुभेच्छुकांचे बेचाळीस चेहरे. माझ्यावर विमानाचे कॉकपिट आले. शेकडो बटणे, दट्टे, पडदे, पण प्रत्येकाला काहीतरी काम आहे. त्या बेचाळीस जणांबद्दल एवढे म्हणता येणार नाही. मला गुंडाळताना दुकानदाराने विचारले, "मॅडम, खाली शुभेच्छुक म्हणून कोणाची नावं टाकू?"

मॅडम म्हणजे प्रिन्सी, मार्सेलसाहेबांची एकुलती मुलगी. परवाना मिळाला की विमान मिळते, असा लोकांचा समज असतो. प्रिन्सीला परवाना मिळाला आणि ती अडीच वर्षे घरी बसली. शेजारचे केनी अंकल रोज कुंपणापाशी येऊन विचारत, "काय गो, अजून विमान नाय आलं?" जणू ते रिक्षासारखे दारात येऊन उभे राहणार होते.

शेवटी एका विमान कंपनीचे पत्र आले. 'आपण आता आमच्या कुटुंबातील एक आहात,' असे पहिल्या पानावर होते. या कुटुंबात प्रत्येकाला ज्येष्ठता क्रमांक असतो, हे चौथ्या पानावर होते. एकाच दिवशी रुजू झालेल्यांत वयाने मोठा तो ज्येष्ठ, आणि ज्येष्ठ असेल त्याला आवडीचा बेस आधी. बेस म्हणजे ज्या शहरातून वैमानिकाची ड्युटी सुरू होते ते शहर. बिऱ्हाड तिथेच करायचे. चौथे पान सहसा कुणी वाचत नाही. मार्सेलसाहेबांनी चष्मा पुसून ते वाचले आणि मान डोलावली. "नियम योग्य आहे. आमच्या कचेरीतही हेच होतं." नियम आपल्या घरात शिरला आहे, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नाही. कारकुनाचे लक्ष नेहमी दुसऱ्याच्या फायलीत असते.

नव्या वैमानिकाला कंपनी विमान देत नाही. आधी पुस्तके देते. मग आणीबाणीच्या सरावासाठी पोहण्याच्या तलावात उडी मारायला लावते, घसरगुंडीवरून ढकलते, आग विझवायला लावते. मग खोलीत बसवलेले एक खोटे विमान देते, ज्यात तपासनीस मागे बसून एकेक इंजिन बंद करत राहतो. हे सगळे पार पडल्यावर खरे विमान, आणि शेजारी असा कॅप्टन, ज्याने शेवटचे कौतुक स्वतःच्या लग्नात केलेले असते. पण या सगळ्याच्या आधी माझी पाळी. पहिले सहा आठवडे वर्ग लॅपटॉपवर घरूनच होते. त्या काळात कॉकपिटचे चित्र भिंतीवर लावायचे, समोर दोन खुर्च्या मांडायच्या आणि कोणत्या बटणानंतर कोणते, हे हाताला पाठ करायचे. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चित्राला बोट लावत इंजिन सुरू करणारे माणूस कसे दिसते, हे मी समोरून पाहिले आहे. तुम्ही पाहू नका.

उजवी खुर्ची नव्या वैमानिकाची. डावी कॅप्टनची. त्या खुर्चीवर प्रिन्सीने तिच्या आईला बसवले.

क्लेमेंटीनबाईंना वर्षापूर्वी झटका आला होता. उजवा हात जड झाला आणि शब्द जागा सोडून गेले. चहा हवा असला की त्या 'छत्री' म्हणत, आणि चूक कळली की गप्प होत. पुढे पुढे गप्पच राहू लागल्या. डॉक्टरांनी सांगितले होते, उजवा हात लांब करून वस्तूंना लावा, मोठ्याने वाचा, रोज. मार्सेलसाहेबांनी त्यासाठी तक्ता आखला, तारखा घातल्या आणि भिंतीला लावला. तक्ता अजून कोरा आहे. माझा तो शेजारी. आमचे बोलणे नाही.

कॅप्टनची सगळी बटणे उजव्या हाताला येतात. हे कुणी ठरवून केले नव्हते.

"पार्किंग ब्रेक?" प्रिन्सी तपासणीच्या कार्डावरून वाचायची.

बाईंचा हात कापत कापत माझ्यापर्यंत यायचा. "सेट."

"दारं-खिडक्या?"

"बंद."

"बीकन?"

"ऑन."

बीकन म्हणजे विमानाच्या पाठीवरचा लाल दिवा. पहिल्या आठवड्यात हा 'ऑन' यायला इतका वेळ लागे की खरे विमान तोवर अहमदाबादला उतरले असते. चौथ्या आठवड्यात बाई कार्ड स्वतः वाचू लागल्या आणि प्रिन्सीला चुका दाखवू लागल्या. एका संध्याकाळी खिडकीतून अंगणातल्या क्रुसाकडे पाहून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मार्सेल. बीकन." साहेब गोंधळून माझ्याकडे बघू लागले. प्रिन्सी हसत उठली आणि तिने क्रुसापुढचा दिवा लावला. "ऑन, कॅप्टन."

माणसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्या संध्याकाळपुरते ते स्थगित ठेवले होते.

मग यादी आली. सकाळी, चहाच्या वेळी, लॅपटॉपवर. चोवीस जणांची तुकडी, मुंबईच्या जागा तीन.

इथे घरातला एक जुना विनोद सांगणे भाग आहे. प्रिन्सीला पहिलीत घालताना मार्सेलसाहेबांनी तिचे वय एक वर्षाने कमी लावले. अठ्ठ्याण्णवचा ऑगस्ट नव्व्याण्णवचा झाला. हेतू थोर होता. पोरीला सरकारी नोकरी लागली की एक वर्ष उशिरा निवृत्ती. त्यांच्या वडिलांनी त्यांचेही असेच केले होते आणि ते एक वर्ष साहेबांनी कचेरीत खुर्ची उबवून वसूल केले होते. दर सणाला पाहुण्यांपुढे हे सांगितले जाई. "आमची प्रिन्सी दोनदा जन्मली. एकदा चर्चच्या वहीत, एकदा शाळेच्या." पाहुणे हसत. कारण त्यांच्यातले निम्मे तसेच जन्मले होते.

प्रिन्सीने यादी वरून खाली वाचली. "तिसरा जितेंद्र आहे. त्याला मुंबई मिळाली."

"तू?" साहेबांनी विचारले.

"अकरावी. गुवाहाटी."

"हा जितेंद्र मोठा आहे का तुझ्याहून?"

"डिसेंबर अठ्ठ्याण्णव." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "चर्चच्या वहीप्रमाणे मी तिसरी येते, डॅडी."

साहेबांनी चहात पाव बुडवला होता. तो मोडून कपात पडला तरी त्यांनी काढला नाही. "सरकारी नोकरीत फायदा झाला असता गो," ते म्हणाले.

"मी सरकारी नोकरीत आहे का?"

डाव्या खुर्चीतून क्लेमेंटीनबाईंना सगळे समजले होते. त्यांनी तोंड उघडले, हवा तो शब्द काही सापडेना, आणि जो सापडला तो बाहेर आला.

"दारं-खिडक्या?"

"बंद, मम्मी," प्रिन्सी म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

दुपारी साहेब चर्चमधून बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा घेऊन आले. तारीख दुरुस्तीचा मसुदा त्यांनी मला वाचूनही दाखवला. प्रिन्सीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "तारीख हलली तर पासपोर्ट, लायसन, मेडिकल, सगळं हलेल. ते होईपर्यंत मला उडता येणार नाही. आता मी नव्व्याण्णवचीच, डॅडी. मरेपर्यंत." मग तिने आईच्या आजारपणाचे कारण देऊन बेस बदलण्याचा अर्ज स्वतः लिहिला. चार ओळींचा. साहेबांना त्यात 'सबब' हा शब्द एकदाही आढळला नाही म्हणून वाईट वाटले.

केनी अंकल धीर द्यायला आले. "गुवाहाटी तर गुवाहाटी. विमान तिचंच ना? संध्याकाळी येईल घरी." जाता जाता म्हणाले, "आणि तिकडे आमचं दोघांचं फुकट तिकीट बघ हां."

प्रिन्सी गेली. खोटे विमान झाले, खरे झाले, परीक्षा पास झाली. आता ती पूर्वेकडे कुठे कुठे उतरत असते. आठवड्यातून दोनदा फोनवर कार्ड वाचते, पण मध्येच ड्युटी येते आणि कार्ड अर्धे राहते.

माझा थोरला भाऊ हल्ली पाचूबंदरला जाळ्यांवर पांघरलेला असतो, असे परवा घरी आलेला फ्लेक्सच्या दुकानाचा माणूस सांगत होता. दादा उलटे आणि त्यांच्यावर बोंबील वाळत. त्याचे बरे चालले आहे म्हणायचे. माझा वरचा कोपरा ओलीने सुटला आहे. इंजिनाची बटणे बाईंच्या बोटांनी पांढरी पडली आहेत, तेवढी मात्र मला चालतात.

वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांना सांगतो, पुस्तके येतात, तलाव येतो, तपासनीसही एक दिवस गप्प बसतो. बेस मात्र तुम्ही जन्मलात त्या दिवशी ठरतो, आणि तो दिवस कुणा शहाण्याने लिहिला आहे ते आधी बघा. आईबापांना एवढीच विनंती की, लेकरांच्या वयाला हात लावू नका. तुमच्या शहाणपणाची मुदत लेकरांच्या आयुष्याहून फार कमी असते.

रोज सकाळी दहाला उजव्या खुर्चीत आता मार्सेलसाहेब बसतात. कार्ड उलटे धरतात. बाई ते सरळ करून देतात.

"पार्किंग ब्रेक?" साहेब वाचतात.

"सेट."

"बीकन?"

"ऑन." मग बाई त्यांच्याकडे वळून विचारतात, "अर्ज?"

हा शब्द कार्डावर नाही. तो त्यांना आपला आपण सापडला आहे आणि एकदाही चुकलेला नाही. साहेब तिसऱ्या स्मरणपत्राचा मसुदा उचलतात.

प्रतीक्षायादीत अर्जाचा क्रमांक एकोणीस आहे. दोन्ही स्मरणपत्रांची पोच मिळाली आहे. आज २० मेअखेर निर्णय कळविण्यात आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.