टेकू लावल्याशिवाय नाही

सकाळी सातपासून मोहिनी छोट्या लोडरवर बसलेली होती. नाशिकच्या द्वारका चौकामागच्या अंगाला एक जुनं गोदाम पाडलं होतं, त्याचा मलबा उचलून डंपरमध्ये टाकायचं काम. पेठकडच्या पाड्यावरून ती नाशकात आली तेव्हा डोक्यावर घमेली वाहायची. चार वर्षांपूर्वी मशीन चालवायला शिकली. घमेली सुटली, पण कंबर दुखायची थांबली नाही.

चारच्या सुमारास बकेट उचलताना मशीन गचके खाऊ लागली. तिने बकेट जमिनीला टेकवली आणि वाकून पाहिलं. बकेट पेलणाऱ्या लोखंडी हातांच्या आत, पाईपच्या सांध्यातून तेल ठिबकत होतं. डिझेलचा काटाही तळाला गेला होता.

सुपरवायझर धोंडीराम डिझेलचा कॅन घेऊनच आला. "ताई, इंजिन चालूच राहू द्या. मी डिझेल ओततो, तुम्ही मशीनचे हात वर घेऊन सांध्याचा तेवढा नट आवळा. बॅटरी कमजोर आहे, बंद केलं तर परत चालू व्हायची नाही. डंपर केव्हाचा उभा आहे."

मोहिनीला वाटलं, करून टाकावं. दोन मिनिटांचं तर काम. नाही म्हणायचं तर पुन्हा समजावत बसायचं, आणि बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"इंजिन तापलंय भाऊ," ती म्हणाली. "थंड झाल्याबिगर डिझेल नाय. आन् टेकू लावल्याबिगर मी खाली जानार नाय."

टेकू म्हणजे वर उचललेले हात खाली येऊ नयेत म्हणून मध्ये बसवायचा जाड लोखंडी अडसर. तो पत्र्यांच्या ढिगामागे पडला होता. धोंडीराम पुटपुटत गेला आणि ओढत घेऊन आला. मोहिनीने केबिनमध्ये बसून मशीनचे हात वर घेतले, त्याने बाजूला उभं राहून टेकू बसवला, मग तिने हात सावकाश त्यावर टेकवले. इंजिन बंद करून चावी खिशात टाकली.

अर्धा तास दोघं सावलीत बसले. धोंडीराम दोनदा घड्याळ बघून उठला, पुन्हा बसला.

मग ती पाना घेऊन त्या हातांखाली शिरली. नटाला पहिलाच पीळ दिला आणि आटे झिजलेला पाईप निसटून बाहेर आला. तेल भसाभस तिच्या कोपरावरून वाहिलं. वरचे हात करकरले, टेकूवर दाबून बसले आणि तिथेच थांबले. तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर.

ती सरपटत बाहेर आली. तिथेच मातीत बसली.

धोंडीराम तिच्या शेजारी उकिडवा बसला. मग हळूच म्हणाला, "मी चालूच ठेवा म्हणालो होतो."

"म्हनला व्हता."

 तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. नुसतं झोपावंसं वाटत होतं.

त्याने डंपर रिकामाच परत पाठवला. सांडलेल्या तेलावर वाळू पसरली. इंजिनाजवळ तळहात धरून पाहिला, निवलं होतं. तेव्हा तो म्हणाला, "आता भरू ना?" तिने मान हलवली. नरसाळं तिने धरलं, डिझेल त्याने ओतलं, एक थेंबही बाहेर न सांडता.

"नवा पाईप उद्या दुपारपर्यंत येईल," तो म्हणाला. "सकाळी येऊ नका. आराम करा."

"बरं," मोहिनी म्हणाली आणि साबण शोधायला नळाकडे गेली.