मोरीमार्फत

गेल्या वर्षी पाऊस पडला नसता तर अख्ख्या बीड जिल्ह्यात फायदा एकाच माणसाचा होणार होता. आमच्या रामहरी आबांचा. दुष्काळ जाहीर झाला की गुरांची छावणी उघडणार, छावणी उघडली की आबा आपली मोरी गाय घेऊन तिथं जाणार, आणि आष्टीकडून केशरबाई आपल्या दोन म्हशी घेऊन येणार. नफा एवढाच. पण त्यासाठी हा माणूस सहा वर्षं आभाळाकडं उलट्या आशेनं बघत होता. ढग दिसले की सगळ्यांचे चेहरे खुलायचे, आबांचा पडायचा.

दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात पाटोद्याच्या अलीकडं माळावर छावणी पडली होती. तरणी माणसं ऊसतोडीला गेलेली, म्हणून घरटी एक म्हातारं माणूस गुरांबरोबर तिथं राहायचं. आबांचा मुलगा अंगद आणि सून शिवकन्या तिकडं कारखान्याच्या पट्ट्यात ऊस तोडत होते, आणि इकडं ट्रकमधून तसलाच ऊस मोरीपुढं पडत होता. "पोरगा तोडतो, गाय खाती, मधी फकस्त सरकार," असं आबा म्हणायचे.

हिरव्या जाळीखाली गुरांची रांग, त्या रांगेत आबांना शेजार लागला केशरबाईंचा. विधवा बाई, साठीला आलेली, जिभेनं तिखट. परक्या पुरुषाशी तोंडावर बोलायची त्यांच्या घरची रीत नव्हती, आणि गप्प बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. तेव्हा त्यांनी वाट काढली. जे काही सांगायचं ते मोरीला.

"मोरे, तुझ्या मालकाला म्हणावं, घोरणं जरा कमी करा. सकाळच्याला माझ्या म्हशी पान्हा सोडत न्हाईत."

आबा कुणाचं उधार ठेवत नसत. "मोरे, त्यांना म्हणावं, म्हशी आल्या तवाच भाकड हुत्या. माझ्या घोरण्यावर कामून ढकलता?"

गाय मान हलवायची. दोघांनाही वाटायचं, तिनं आपल्याच बाजूनं हलवली. हळूहळू आबा दोन्हीकडचा ऊस कुट्टी करून देऊ लागले आणि तिकडून फडक्यात भाकरी येऊ लागली, "मोरीसाठी" म्हणून. भाकरीवर मिरचीचा ठेचा असायचा. गाय ठेचा खात नाही हे छावणीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण बोललं कुणी नाही. दुष्काळात माणसं एवढी सूट देतात.

मग पाऊस आला आणि छावणी मोडली. म्हशी सोडताना केशरबाई मोरीच्या कानाशी म्हणाल्या, "मोरे, इचार ग. दर उन्हाळ्याला ऊन वाढतंय. माझा गोठा पत्र्याचा, म्हशी भाजून निघतात. काय करावं?"

"सांग त्यांना," आबा म्हणाले, "नदीच्या वाळूत खुंट्या ठोका. लई गार असतंय. झिरा बी तिथंच उकरायचा, पाण्याला लांब जायला नगं. आपल्याकडच्या नद्यांना पाणी कुठलं यायला!"

हा सल्ला आमच्याकडच्या कुणाही जाणत्यानं दिला असता. निम्मी गावं असंच करतात.

त्यानंतर भेट नाही. आष्टी काही परमुलखात नाही, पण जायचं कोणत्या नात्यानं? सोयरीक नाही, भावकी नाही, व्यवहार नाही. म्हाताऱ्या माणसानं म्हातारीच्या दारात जाऊन "सहज आलो" म्हणावं, असं अजून आमच्याकडं होत नाही. छावणी ही एकच जागा अशी निघाली होती, जिथं दोघं शेजारी बसले तरी "कामून बसला?" असं कुणी विचारत नव्हतं.

मोरी आटली तेव्हा अंगद म्हणाला, "आबा, इकून टाकू. नुसती खाती."

"ऱ्हाऊ दे. छावणीत गुराबिगर माणसाला घेत न्हाईत."

"छावणी हाय कुठं?"

शिवकन्या भाकरी थापता थापता म्हणाली, "मामा, गाईसाठी छावणी पायजे का छावणीसाठी गाय?" सून हुशार. आबा नवं दावं वळायला घेऊन ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तेवीस साली पावसानं ओढ दिली तेव्हा ते दावं तयारच होतं. पण आमच्या भागाला छावणी मिळाली नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात देवळापुढं सभा झाली. कृषी खात्याचा तरुण साहेब आला होता, पोरगा मनाचा चांगला. कोळसा, तेल, कारखाने, मोटारी यांचा धूर आभाळात साठत गेला, म्हणून जग तापलंय. पाऊस आता महिनाभर दडी मारेल नाहीतर महिन्याचा एका दिवसात ओतेल, असं त्यानं समजावून सांगितलं.

पिकअपवाला भागवत उठला. "साहेब, ह्यो धूर केला कुणी?"

"जास्त करून मोठ्या श्रीमंत देशांनी."

"मग दुष्काळ बी तिकडंच पडू द्या की! आमच्या चुलीचा धूर असा कितीसा?"

हशा झाला. साहेबही हसला, आणि मग त्यानं सरकारचं सांगितलं: झाडं लावा, शेततळी घ्या, ठिबक करा, चाऱ्याचं बियाणं मिळेल. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात वर केला. "साहेब, ह्यात छावणीचं कसंय?"

"बाबा, काळजी सोडा. यंदा पाऊस चांगला सांगितलाय."

घरातलं कुणी गेल्याची खबर यावी तसे आबा खाली बसले.

पाऊस चांगला झाला. इतका, की नवरात्राच्या तोंडाला आष्टीकडच्या नद्या गावांत शिरल्या. आमचं गाव माळावर, आमची शेतं नुसती पिवळी पडली. तिकडं घरं, धान्य, जनावरं सगळंच वाहिलं. माळावरच्या गावांनी कडबा गोळा केला, भागवतनं पिकअप काढली. आबा आधीच येऊन उभे होते. हातात दावं, दाव्याला मोरी.

"आबा, आपण चारा घिऊन चाललोय. खाणारं तोंड कामून घेता संगं?"

"चढव तिला," आबा म्हणाले.

भागवतला काय कळणार. तिकडं जाऊन बोलायचं म्हणजे मोरी नको?

केशरबाई शाळेच्या पडवीत बसल्या होत्या. साडीला गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. घर उंचावर होतं, ते भिजलं पण राहिलं. म्हशी मात्र नदीच्या वाळूत, झिऱ्याजवळ, खुंट्याला पक्क्या बांधलेल्या होत्या. सोडायला जाईपर्यंत वाळू कुठं राहिली होती! पंचनामा करणारा आला, हळहळला आणि म्हणाला, मावशी, नदीच्या पात्रातला गोठा भरपाईच्या नियमात बसत नाही.

त्यांनी आबांकडं पाहिलं नाही. उठल्या, मोरीच्या गळ्याखाली हात घातला.

"मोरे, थकलीस ग." मग तिची मान खाजवत म्हणाल्या, "तुझ्या मालकाला म्हणावं, म्हशी वाळूत बांधल्या हुत्या."

आबा हातातल्या दाव्याला पीळ घालू लागले.

"आन् म्हणावं, सल्ला वाईट नव्हता. सहा उन्हाळे लई गार गेले म्हशींचे."

"मोरे, त्यांना म्हणावं..." आबांनी सुरुवात केली आणि तिथंच अडकले. मग पुढं होऊन दावं केशरबाईंच्या हातात दिलं आणि जन्मात पहिल्यांदा सरळ त्यांच्याशीच बोलले. "ऱ्हाऊ द्या हिला तुमच्याकडं. भाकड हाय, पर ऐकून घेती."

केशरबाईंनी दावं मुठीत धरलं. डोळ्यांत पाणी, जीभ मात्र तशीच तिखट. "मोरे, इचार त्यांना. उद्या छावणी उघडली, तर हे कुणाला घिऊन येणार?"

"तुमाला तरी आत घेतील," आबा म्हणाले आणि रिकाम्या पिकअपमध्ये जाऊन बसले.

आता उन्हाळा पुन्हा चढलाय. आबांच्या दारात खुंटा आहे, मोकळा. भागवत आष्टीकडं फेरी मारून आला की आबा विचारतात, "मोरी काय म्हणती?"

"इचारत हुती, मालक अजून घोरतो का."

आबा आभाळाकडं बघतात. कसली आशा धरावी हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाही.

बाकी हिशेब सरळ आहे. ज्यांनी धूर केला त्यांना आष्टी कुठं आहे हेही ठाऊक नाही. सरकारनं पात्र आणि काठ यांच्यात रेघ ओढली आणि हात झटकले. देणं चुकतं केलं ते दोघांनीच: केशरबाईंनी म्हशी दिल्या, आणि आबांनी मोरी.