तोंडाने ओढलेलं डिझेल

"दादाची ती तोंडाने डिझेल ओढायची खोड मोड बाई, एक दिवस फुप्फुसावर बेतेल," असं आत्याबाईंनी मला गेल्या वर्षी बजावलं होतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. छत्तीस वर्षं नर्स होत्या. मी हसून म्हटलं, "आत्या, लष्करात तीस वर्षं तेच केलंय बाबांनी. आता डिझेललाच त्यांचा कंटाळा आला असेल." त्या हसल्या नाहीत. मी विषय बदलला.

एरवी मी अशी नाही. घरात मला 'सायरन' म्हणतात. चिमणी, माझी चौदा महिन्यांची मुलगी, नुसती शिंकली तरी मी वाजायला लागते. दोनदा तिला कडेवर घेऊन दवाखान्यात धावले आणि दोन्ही वेळा "काही नाही हो" ऐकून परत आले. तेव्हापासून स्वतःच्या भीतीवर माझाच भरवसा उरला नाही. शनिवारी मी पाच तास गप्प बसले, ते त्यामुळेच.

माझ्या नवऱ्याने लष्कराच्या लिलावातून लाकूड वाहायला एक ट्रक घेतलाय. हिरवा, नाकाड, वयाने नवऱ्यापेक्षा मोठा. शनिवारी सकाळी तो सुरू होईना. किल्ली फिरवली की नुसतं 'कट' व्हायचं आणि दिवे मंदावायचे. बाबा लष्करी वर्कशॉपमधले निवृत्त मेकॅनिक. चहा अर्धा टाकून ते शेडमध्ये गेले.

"बॅटऱ्या बसल्या," नवरा म्हणाला.

"लग्नाच्या वेळी पण तुला अशीच घाई होती," बाबा म्हणाले. "आधी मीटर लाव."

"मी इथेच उभी आहे, बाबा."

"म्हणून तर मोठ्याने बोललो."

दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट होतात. मीटरने पंचवीस दाखवले. मग बाबांनी मीटरची एक तार बॅटरीच्या वजा टोकाला धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि किल्ली फिरवायला सांगितली. काटा तीनवर गेला.

"इथे शून्याच्या आसपास हवं. तीन व्होल्ट वाटेतच मेले. करंटला जायला रस्ता आहे, परत यायला नाही." अर्थिंगची पट्टी सांगाड्याला जिथे बोल्टने बसते, तिथे रंगाखाली गंज निघाला. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला, तशी मोटर दणक्यात फिरली. इंजिन लागलं, दीड मिनिट चाललं आणि आचके देत बंद पडलं.

बाबांचा चेहरा उजळला. एका ट्रकमध्ये दोन आजार, म्हणजे त्यांच्यासाठी मेजवानीच.

फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला तर डिझेलसोबत फेस आला. म्हणजे नळीत हवा शिरत होती. पण टाकीपासून पंपापर्यंतची नळी बाहेरून कोरडी ठणठणीत.

"गळत तर कुठेच नाही," नवरा म्हणाला.

"गळणार कसं? पंप ओढतो तेव्हा हवा आत घुसते. डिझेल बाहेर येतच नाही, मग तुला दिसणार काय?" खात्री करायला त्यांनी टाकीला सुट्टी दिली. स्वच्छ डिझेलचा कॅन उंचावर टांगला, त्यात एक नळी सोडली. ती पंपाला जोडायच्या आधी डिझेलने भरायला हवी होती. त्यांनी टोक तोंडात धरलं.

"बाबा, डिझेल ओढायचा रबरी फुगा आणलाय ना मी!" नवरा ओरडला.

"तो शोधेपर्यंत दुपार होईल."

मी चिमणीला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला दिसलं: ओढता ओढता त्यांना ठसका लागला आणि श्वास आत गेला. ते वाकले. खोकतच राहिले. डोळे लाल, गळ्याच्या शिरा ताठ. मग थुंकून हात हलवला, "गिळलं नाही, गिळलं नाही."

कॅनवर इंजिन वीस मिनिटं न थांबता चाललं. दोष टाकी आणि पंपाच्या मध्येच होता. क्लॅम्पखाली रबरी नळीला केसाएवढी चीर सापडली. बापलेक खुशीत. मी पाणी नेलं.

"बाबा, छातीत गेलं का?"

"वाजला सायरन," नवरा म्हणाला. बाबा हसले आणि हसताना पुन्हा खोकले. मी आत गेले.

जेवताना त्यांनी अर्धं ताट ठेवलं. "डिझेलने पोट भरलं," म्हणून आडवे झाले. चिमणीच्या वेळी दवाखान्यात शिकवलं होतं, पोटाकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. दोन वाजता मी दारातून मोजले: बावीस. अजून ठीक असेल, म्हणून भांडी घासली. साडेतीनला अठ्ठावीस. चारला चौतीस, आणि कपाळ तापलेलं. तरी माझ्या मनात काय आलं, तर तिसऱ्यांदा "काही नाही हो" ऐकावं लागेल.

शेवटी आत्याबाईंना फोन लावला.

"किती म्हणालीस?"

"चौतीस."

"ओढलं कधी?"

"अकराला."

"आणि तू मला आत्ता..." त्या थांबल्या. "ऐक. मोठ्या माणसाचे वीसच्या आत हवेत. उलटी करवायची नाही. मीठपाणी नाही, दूध नाही. टेकवून बसव आणि निघ. नुसतं पोटात गेलं असतं तर मी इतकी घाबरले नसते. छातीत गेलंय."

नवरा म्हणाला, "अगं, झोपलेत ते."

"तू मोज."

तो पलंगाशी बसला, ओठ हलवत मोजू लागला. मिनिट संपायला अकरा सेकंद बाकी असतानाच उठला आणि किल्ली घेतली.

रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागणार होता. आमच्याकडे ट्रकच होता, सकाळी नवी नळी बसवलेला. मी मध्ये, चिमणी मांडीवर, बाबांचं डोकं माझ्या खांद्यावर. त्यांचे ओठ निळसर पडले होते, तरी कान इंजिनाकडेच. "चार्जिंगचा... काटा... बघ," ते म्हणाले.

"बाबा, गप्प बसा हो," नवरा रडत म्हणाला. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव टांगणीला लागे. इंजिन आता आचका देईल, आता देईल. दिला नाही.

एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी दिसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डिझेल पातळ असतं, आत गेलं की पसरतं. सूज काही तासांनी चढते, म्हणून माणूस आधी बरा वाटतो. ठसका लागला तेव्हाच आणायला हवं होतं. या वेळी "काही नाही" कुणी म्हणालं नाही.

आज चौथा दिवस. ऑक्सिजन सुरू आहे. काल श्वास तीस होते, आज एकोणतीस. धोका टळला का, विचारलं तर "अजून सांगता येत नाही" म्हणतात. आत्याबाई समोरच्या बाकावर बसून असतात. "मी सांगितलं होतं" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. दर तासाला फक्त आकडा विचारतात.

तुमच्या घरातही कुणी असेल, ज्याने आज तोंडाने डिझेल किंवा रॉकेल ओढलं, खोकला आणि हात हलवून कामाला लागला. वडील असतील, दीर असेल, शेजारचा मेकॅनिक असेल. खोकला, तेव्हाच त्याला दवाखान्यात न्या. वेळ निघून गेली असेल, तर हे वाचणं थांबवा आणि त्याच्याकडे जाऊन या. कसं वाटतंय म्हणून विचारू नका, तो ठणठणीत आहे असंच सांगेल. जवळ बसा, सदऱ्याचं टोक उचला आणि पूर्ण एक मिनिट त्याचं पोट बघत श्वास मोजा.