बिनसायीचा चक्का

आमच्या आण्णांनी जन्मभर लोकांच्या दुधातला फॅट मोजला. काष्टीच्या डेअरीवर सकाळ-संध्याकाळ कॅनच्या रांगेसमोर बसायचं, नमुना घ्यायचा आणि मशीनवर येईल तो आकडा मोठ्यानं सांगायचा. त्या आकड्यात त्यांनी कधी कुणावर मेहेरबानी केली नाही. सख्ख्या भावाच्या, बजरंगकाकांच्या दुधात पाणी निघालं तेव्हा चारचौघांत त्यांचा कॅन परत पाठवला. काकांनी तेव्हापासून आमच्या घराची पायरी चढली नाही. एकदा तर आईच्याच हातून कॅन विसळलेलं पाणी तळाशी राहिलं होतं. मुद्दाम नव्हे, गडबडीत. आण्णांनी बोट बुडवलं, अंगठ्याच्या नखावर थेंब धरला आणि मशीन न लावताच म्हणाले, "पाणी हाय." आमचाही कॅन परत आला. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी तेव्हा शाळेत होते आणि मला वाटायचं, असला बाप वैऱ्यालाही मिळू नये.

तर अशा माणसाच्या लिव्हरवर चरबी निघाली. चरबीनं लिव्हर आतून पार निबर करून टाकलं होतं. दारूचा थेंब न घेतलेल्या माणसाकडं गावानं वर्षभर संशयानं पाहिलं, त्याचं मला फार लागलं. आण्णांना मात्र त्यातही हसू आलं. "आख्ख्या गावाचा फॅट काढला," म्हणाले, "आता माझा निघाला."

डॉक्टरांनी नगरला मला समोर बसवून सांगितलं होतं की, माणूस वाळत चाललाय. अंगावर मांस चढलं, थोडी ताकद आली, तर माझ्या लिव्हरचा तुकडा त्यांना बसवायचा विचार करता येईल. नाहीतर ते ऑपरेशन त्यांना झेपायचं नाही. मी भिंगारला शाळेत शिकवते, एकटी राहते, धडधाकट आहे. तुकडा द्यायला मी त्याच दिवशी तयार होते. अडलं होतं ते आण्णांच्या अंगावरच्या मांसापाशी. प्रोटीन भरपूर हवं, चरबी नको, मीठ नको, आणि आण्णांना तर अन्नाचा वाससुद्धा सोसेना.

स्कीर मला मोबाईलवर सापडलं. आइसलँड नावाच्या थंडगार मुलखात लोक शेकडो वर्षं साय काढलेल्या दुधाला विरजण लावतात, फडक्यात बांधून पाणी निथळू देतात आणि उरलेला घट्ट गोळा खातात. चरबी जवळपास नाही, प्रोटीन भरपूर. माझ्याच शाळेतल्या मोनिकानं पुण्याहून एक डबी आणून दिली. ती ओढणीत गुंडाळून मी एसटीनं काष्टीला नेली. विरजण मरू नये म्हणून सारा रस्ता खिडकीतलं ऊन अंगावर घेतलं आणि डबी सावलीत ठेवली.

आईनं डबी उघडली, वास घेतला आणि म्हणाली, "हा तर चक्का हाय."

"चक्काच गं. पण साय काढलेल्या दुधाचा."

"म्हंजी वासराला पाजतो त्या दुधाचा?" तिचा चेहराच उतरला. आमच्याकडं आजाऱ्याला सायीसकट दूध देतात, पाहुण्याला सायीसकट देतात, जावयाला तर वरून आणखी साय घालतात. तिनं आण्णांकडं पाहिलं. "अवं, लोक काय म्हनतील? चांगुणानं नवऱ्याला निपटून काढल्यालं खाऊ घातलं?"

आण्णा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "असलं दूध आलं तर मी रांगेतनं भायेर काढायचो." मग थोड्या वेळानं विचारलं, "त्या मुलखात जनावरं काय खात्यात गं?"

मी शोधून सांगितलं की, उन्हाळ्यात गवत कापून ठेवतात आणि हिवाळाभर तेच घालतात. हे मात्र त्यांना पटलं. "मंग खायाला हरकत न्हाई," म्हणाले.

त्या दिवसापासून आईनं ते काम हातात घेतलं. दूध तापवायचं, रात्रभर निववायचं, सकाळी जाड साय काढायची, पुन्हा तापवून राहिलेली काढायची. डबीतलं विरजण लावायचं आणि दही लागलं की आण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून मोरीवरच्या खुंटीला टांगायचं. खाली पातेल्यात पिवळसर पाणी ठिबकत राहायचं. साय काढताना तिचा हात जड व्हायचा, पण चुकून कण जाऊ द्यायची नाही. डेअरीवाल्या नवऱ्यासमोर तिची एकदा फजिती झाली होती, दुसऱ्यांदा होऊ द्यायची नव्हती.

आणि आण्णा खाऊ लागले. आधी दोन चमचे, मग वाटी. मी दर रविवारी जायचे, तेव्हा आई मला दारातच गाठून वजनाचा आकडा सांगायची. डेअरीवरच्या कॅनच्या काट्यावर ती आण्णांना उभं करायची. नवीन फॅट मोजणारा मच्छिंद्र आकडा वाचायचा, रांगेतले लोक माना हलवायचे. आकडा वाढत होता. मग जरा जास्तच वाढू लागला. आईनं आण्णांच्या पायजम्याची नाडी सैल केली, पुन्हा एकदा सैल केली आणि दोन्ही वेळा तोंडाला पदर लावून हसली. "बाळसं धरलंय," म्हणाली. मला तर भिंगारच्या खोलीत एकटीला गाणं म्हणावंसं वाटायचं. मी शाळेत रजेचं बोलून ठेवलं, माझ्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या. आण्णा त्या आकड्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. जन्मात पहिल्यांदाच, काट्यावरचा आकडा न बघता ते उतरायचे.

नगरला तपासणीला गेलो तेव्हा गाईंच्या धारा काढायला आई घरीच थांबली. डॉक्टरांनी आण्णांना आडवं केलं, पोटावर बोटं ठेवून टिचकी मारली आणि माझ्याकडं पाहिलं. "हे मांस नाही. पाणी भरलंय पोटात." मग जरा चिडूनच आण्णांना म्हणाले, "काका, वजन झपाट्यानं वाढलं तर लगेच या, असं तुम्हाला बजावलं होतं ना?" ते बजावलं तेव्हा मी खाली औषधांच्या रांगेत उभी होते.

सुई घातली, नळी लावली. बाटलीत पिवळसर पाणी थेंब थेंब उतरू लागलं, अगदी मोरीवरच्या फडक्यातून उतरायचं तसं. मी भिंतीकडं तोंड केलं. बाटली बदलावी लागली. नंतर वजन केलं, तर ते पहिल्यापेक्षाही कमी भरलं. ऑपरेशनचा विषय डॉक्टरांनी काढला नाही आणि मीही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बाहेर बाकावर आण्णा टेकले. मला रडू येण्याआधी राग आला. "तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"कंच्याबी दुधात पानी किती, त्ये मला बोटावर कळतं पोरी. सोताच्या पोटात कळंना व्हय?"

"मग बोलला का नाही? आणि खात का राहिलात? तोंडाला चव नाही, गिळवत नाही, तरी वाटी वाटी?"

त्यांनी रस्त्यावरच्या रिक्षांकडं तोंड फिरवलं. "तुजी आई नाडी सैल करताना हसायची," म्हणाले. "लई वर्सांनी हसली माज्याकडं बगून."

संध्याकाळी घरी पोचलो. आई दारात उभी. मागं चुलीशेजारी वाटी झाकून ठेवलेली दिसत होती. पाय धुवायला पाणी द्यायच्या आधीच तिनं विचारलं, "किती भरलं?"

आण्णांनी दाराच्या चौकटीला हात टेकला, दम घेतला आणि डेअरीवर सांगायचे तसा, मोठ्यानं आकडा सांगितला. मागच्या रविवारपेक्षा दोन किलो जास्त. ज्या माणसानं सख्ख्या भावाला खोटा आकडा दिला नाही, त्यानं तो दिला आणि आवाज जराही हलला नाही.

आण्णा आत यायला निघाले, तसा सकाळी घट्ट बसणारा पायजमा कमरेवरून घसरला. त्यांनी एका हातानं तो धरला. आई जवळ आली, खाली बसली, नाडी सोडली आणि ओढून पुन्हा बांधली. गाठ पार जुन्या जागेच्याही आत गेली. ती गाठीकडं बघत राहिली. मग तिनं मान वर केली आणि आण्णांच्या तोंडाकडं बघून हसली.

"वाढलंय की," म्हणाली. "चला, वाटी भरून ठिवलीया."

आण्णा खाटेवर बसले आणि त्यांनी ती सगळी वाटी संपवली.