दोन कमरांचा दोर

खळ्याच्या कोपऱ्यात यंत्राचा पंजा जमिनीत गेला आणि जातच राहिला. ड्रायव्हरने एक शिवी हासडून दांडा मागे ओढला. पंज्याबरोबर फुटकी शिळा वर आली आणि मागोमाग असा कुबट वास सुटला, की खळं झाडणारी म्हातारी होती तिथेच थबकली. पदर नाकाला लावायचंही तिला सुचलं नाही. तो वास तिच्या ओळखीचा होता. संसाराची चारच वर्षं तिच्या वाट्याला आली, आणि त्या चारही वर्षांत नवऱ्याच्या अंगाला हाच वास यायचा.

नवरा पेवं उकलायचा. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. वर शिळा ठेवून चिखलाने लिंपून टाकायची. बंद पेवात हवा कुजते, म्हणून या कामाचे नियम ठरलेले. आधी दोराने कंदील सोडायचा, तो विझला तर माणसाने उतरायचं नाही. दोराचं एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेला, दुसरं वर थांबणाऱ्याच्या. खालून दोन हिसके आले की ओढायचं. दुसरं टोक तो फक्त धाकट्या भावाच्या कमरेला बांधायचा. "परक्याच्या कमरेला मी जीव बांधत नसतो," म्हणायचा.

चाळीस वर्षांपूर्वी, पाऊस सलग दुसऱ्यांदा रुसला त्या साली, तो नाहीसा झाला. गावाने आपलं बियाणं या खळ्याच्या थोरल्या मालकांच्या भरवशावर ठेवलं होतं. मालकांनी सांगितलं, पेववाल्याने ते सगळं लांबवलं. आणि धाकटा भाऊ चारचौघांत म्हणाला, "मी या डोळ्यांनी बघितलं. गाडी भरून नदीपार गेला." सख्ख्या भावानेच सांगितल्यावर पुढे कोण बोलणार? त्या साली पेरणी झालीच नाही. अकरा माणसं भुकेने गेली. त्यांत तिची दीड वर्षाची लेकही होती. अंगावरचं दूध आटलं होतं, आणि पोर शेवटी रडायचीसुद्धा थांबली होती.

तेव्हापासून ती गावाची 'चोरट्याची' झाली. पाणवठ्यावर तिची घागर शेवटी भरायची. मालकांनी दया म्हणून तिला खळं झाडायचं काम दिलं. मालकांचं मन केवढं मोठं, असं गाव म्हणालं. गावाचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

म्हातारी खड्ड्याच्या काठाशी गेली आणि ओणवी झाली. ऊन थेट आत पडलं होतं. तळाशी धान्याचा ढीग होता, काळाठिक्कर, कोळशाच्या भुग्यासारखा. ढिगाच्या उतारावर एक माणूस कुशीवर पडला होता. माणूस कसला, हाडंच ती. कमरेच्या हाडांभोवती दोराचा वेढा तसाच होता. दोराचं दुसरं टोक बाजूला पडलं होतं. ते तुटलेलं नव्हतं, विळ्याने कापलेलं होतं.

तिला रडू आलं नाही. आधी तिच्या मनात आलं, म्हणजे चाळीस वर्षं मी याच्याच डोक्यावर झाडू मारत होते! आणि मग तिची नजर त्या ढिगावर गेली. पोर गेली त्या दिवशी हे दाणे इथेच होते. झोपडीपासून दोनशे पावलांवर होते.

एव्हाना मालकांचा नातू धावत आला. या जागेवर त्याला गोदाम उठवायचं होतं. मुरमाने भरलेला टिप्पर तयार उभा होता. त्याने आत डोकावून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"जुनं काहीतरी आहे. कुत्रंबित्रं पडलं असेल. ओत रे मुरूम."

"कुत्र्याच्या कमरेला दोर असतो काय, मालक?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुला विचारलंय? पोलीस आले की वर्षभर काम बंद पडेल. आजी, तू घरी जा बघू. उगाच मेलेलं उकरू नकोस."

"मी कुठं उकरलं, बाबा? तुझ्याच यंत्रानं उकरलं," म्हातारी म्हणाली. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. माझ्या दिराला बोलवा. तो येईपर्यंत एक पाटीसुद्धा आत पडता कामा नये."

दीर गर्दीतच होता. चाळीस वर्षं त्याने तिच्या दारात सरपण आणून टाकलं होतं, कधी चहाचा घोटही न घेता. भला माणूस, असं तिला वाटायचं. लोकांनी वाट दिली, तसा तो काठीवर रेलत पुढे आला. आत मात्र त्याने बघितलं नाही.

"भाऊजी, दुसरं टोक कुणाच्या कमरेला होतं?"

"वहिनी, जाऊ दे ना आता. आपलेच दात, आपलेच ओठ."

"होय, आपलेच. म्हणून तर विचारतेय. कुणाच्या?"

त्याने काठी बाजूला ठेवली. मग तो मातीत बसला.

"माझ्या," तो म्हणाला. "मालकांना बियाणं गुपचूप शहराच्या व्यापाऱ्याला द्यायचं होतं. कंदील सोडला, तो विझला. दादा म्हणाला, उद्या बघू. मालक म्हणाले, गाडी दारात उभी आहे, उतरतोस की झोपडी सोडतोस? तू तेव्हा लेकीला घेऊन झोपडीत होतीस. दादा उतरला. आणि एकदम ओझं आलं, वहिनी. ओढवेना. मीच काठाशी सरकायला लागलो. मालकांनी विळा पुढे केला. काप, नाहीतर तूही जाशील, म्हणाले."

"आणि तू कापलास."

"कापला. मालकांनी रातोरात शिळा बसवून वर खळं सारवून घेतलं. पण कापायच्या आधी..." त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "दोन हिसके आले होते."

त्या साली ज्यांच्या घरातलं माणूस गेलं होतं, ते सगळे काळ्या ढिगाकडे बघत राहिले. एका म्हाताऱ्याने थुंकायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चाळीस वर्षं तो ज्याच्या नावाने थुंकत आला होता, तो तर खाली पडला होता.

"खोटं आहे सगळं!" नातू ओरडला. "टिप्पर घ्या मागे! ओता!"

म्हातारीने पदर खोचला. टिप्परची ताडपत्री बांधायचा दोर तिने ड्रायव्हरकडून मागून घेतला. राखणदाराच्या खोपीतला कंदील आणवला, पेटवला आणि हळूहळू खाली सोडला. सगळ्यांच्या माना त्याच्यामागे खाली गेल्या. ज्योत जरा फडफडली, मग सरळ जळत राहिली.

तिने दोराचं एक टोक आपल्या कमरेला बांधलं. दुसरं दिरापुढे धरलं.

"उठा, भाऊजी. बांधा."

"वहिनी, मी? माझ्याने नाही होणार. दुसरं कुणीतरी..."

"परक्याच्या कमरेला मी जीव बांधत नसते. मी आत असेपर्यंत ओतू दे कोण मुरूम ओततो ते. त्यांना घेऊन वर येते."

त्याच्या बोटांना गाठ मारता येईना. तिनेच ती मारली, आवळून. मग काठावर बसून तिने पाय आत सोडले. ड्रायव्हरने यंत्र आणि टिप्पर दोन्ही बंद केली, किल्ल्या खिशात घातल्या आणि दिराच्या मागे दोराला हात लावला.

ती दिसेनाशी झाली. बराच वेळ खालून काही आवाज आला नाही. मालकांचा नातू फोन कानाला लावून लांब जाऊन उभा राहिला. दीर डोळे मिटून, दोर छातीशी धरून, मातीत टाचा रोवून बसला होता. त्याचे ओठ हलत होते. हिसका आला तर कळेल ना मला, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

मग दोराला हिसका बसला. एक. आणि लगेच दुसरा.

"ओढा!" दीर किंचाळला. "ओढा रे, दादा बोलावतोय!"

थुंकायला तोंड उघडलेला तो म्हातारा सगळ्यांत आधी धावला. त्याच्यामागून सगळ्या गावाने दोराला हात घातला.