डब्याने पकडलेला हिसका

शहादेवने स्वतः बनवलेला डबा दूध संस्थेच्या कूलरवर बसवून आठवडा झाला होता, आणि आठवडाभर त्या डब्याने त्याची शोभा करून ठेवली होती. रान करपलेलं, लिंबागणेशजवळच्या त्या वस्तीला दुधाचाच काय तो आधार. त्यात मागच्या महिन्यात विजेच्या हिसक्याने कूलरचा कॉम्प्रेसर जळला. दूध संघाने नवा दिला, पण बजावून दिला: पुन्हा जळला तर कूलरच उचलून नेऊ. विहिरींच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणाऱ्या शहादेवने मग मोठ्या ऐटीत हा डबा केला. आतली चिप क्षणाक्षणाला व्होल्टेज मोजून त्याचा आकडा करी, मागच्या आकड्याशी ताडून बघी, आणि एकदम फरक दिसला की कूलरची लाइन तोडी.

ती तोडतच राहिली. काल चाळीस लिटर दूध नासलं.

"तुजा डबा लई भित्रा हाय बे," चेअरमन आप्पाराव म्हणाले. "भिंतीवरच्या मीटरचा काटा बग, जाग्यावर हाय."

"आप्पा, काटा सुस्त असतो. हिसका पापणी लवायच्या आत येऊन जातो, त्याला कळतच न्हाई."

"सांजच्या दुधाआदी डबा काढ. डायरेक्ट जोड." आणि ते निघून गेले.

शहादेवला धड बसवेना, धड उभं राहवेना. डायरेक्ट जोडून कॉम्प्रेसर जळला तर वस्ती बुडणार. डबाच खोटा निघाला तर तोंड दाखवायला जागा नाही. त्याने डब्याला लॅपटॉप जोडून आठवड्याचे आकडे काढले. हिसके जोडीने येत होते. आधी आकडा धाडकन खाली, थोड्या वेळाने तसाच वर, मग दहा मिनिटं शांत, की पुन्हा तेच. कुणाची तरी मोठी मोटार सुरू होत होती, बंद पडत होती. सोमवारी ती चार मिनिटं चालली होती, बुधवारी अडीच. आज सकाळी चाळीस सेकंद.

दहा मिनिटं! पाणी संपलं की मोटार थांबवणारा, आणि झिरपा साचावा म्हणून दहा मिनिटांनी ती पुन्हा सुरू करणारा स्विच अख्ख्या वस्तीत एकाच विहिरीवर होता. त्याच्या स्वतःच्या. बसवलाही त्यानेच होता.

त्याने घरी फोन लावला. "माय, मोटारीचा स्विच पाड."

"कावून रे?" कौशल्याबाई म्हणाल्या. "घागरभर तरी येतंय. म्हशीला काय पाजू?"

"पाड तू. मी येतो शेंदायला."

अर्धा तास तो पडद्यासमोर बसला. आकडा हलला नाही. डबा खरा ठरला होता, पण त्याला आनंद म्हणून झाला नाही. स्विच बसवल्यावर आठच दिवसांत जुना कॉम्प्रेसर जळला होता, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. गप्प राहिला तर उलट शाबासकीच मिळणार होती.

संध्याकाळी किटल्यांची रांग लागली. आप्पारावांनी डब्यावरचा हिरवा दिवा पाहिला. "आज कसा गप हाय डबा? काय दुरुस्त केलंस?"

दोराने सोललेले तळहात शहादेवने शर्टाला पुसले. "डबा नीटच व्हता, आप्पा. हिसके माज्याच मोटारीचे. मागचा कॉम्प्रेसरबी तिनंच जाळला. आता बंद केलीय."

शहादेवने मान खाली घातली आणि शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

"तुज्या विहिरीला पाणी किती ऱ्हायलंय?" आप्पारावांनी हळूच विचारलं.

"सकाळी चाळीस सेकंदाचं व्हतं," तो म्हणाला. "उद्या किती, ते डब्याला कळायचं न्हाई."