विहारालाच प्रवेश बंद

चिखलीतल्या बुद्धविहाराची वधू-वर वेबसाइट आम्रपाली फुकटात सांभाळायची. नोकरी ताथवड्याला, तीही सर्व्हर सांभाळायचीच, म्हणून विहाराचे सेक्रेटरी किसनमामा यांनी हे काम तिच्या गळ्यात मारलं होतं. साइटवर गल्लोगल्लीच्या मुलींचे फोटो होते, फक्त आम्रपालीचा नव्हता. “कुणी चोरला म्हंजी?” असं म्हणत तिची आई चिमाबाई फोटो द्यायलाच तयार नव्हती. साऱ्या चिखलीने विश्वास ठेवावा आणि सख्ख्या आईने ठेवू नये, हे आम्रपालीच्या मनाला फार लागलं होतं.

त्यात गेल्या आठवड्यात कुणी भामटा लॉगिनच्या पानावर मशीन लावून धडाधड पासवर्ड मारून बघू लागला. आपल्या मंडळींचे पासवर्ड आम्रपालीला ठाऊक होते. निम्म्यांनी ‘जयभीम’ लिहून पुढे जन्मसाल टाकलेलं. आज ना उद्या एखादा लागणारच. तिने थेट सर्व्हरवरच पहारा बसवला. एकाच इंटरनेट कनेक्शनवरून सारखे चुकीचे पासवर्ड आले, की त्या कनेक्शनला दिवसभर पानच उघडायचं नाही. भामटा बाहेर राहिला आणि ती निवांत झाली.

रविवारी वंदना आटोपली आणि मंडळी नेहमीसारखी सतरंजीवरच स्थळं बघायला बसली. आत मोबाइलला रेंज नसायची, त्यामुळे सगळ्यांची भिस्त विहाराच्या वायफायवर. पासवर्ड आठवेना म्हणून कुसुमताईंनी आधी मुलाचं साल टाकलं, मग नातवाचं. किसनमामांनी चष्मा कपाळावर ठेवून अंदाजानेच बोटं चालवली. बघता बघता सगळ्यांच्या मोबाइलवर एकच पाटी झळकली : प्रवेश बंद.

“मलाच बाहेर काढलंस व्हय गं?” किसनमामा म्हणाले. “सेक्रेटरी हाय मी इथला.”

आम्रपाली ओशाळली. “मामा, त्या पहाऱ्याला माणूस कळत नाही, चुका कळतात. वायफाय एकच, त्यामुळे सगळ्यांच्या मिळून फार झाल्या.”

“मग विहाराला तेवढी सूट दे की.”

“वायफायचा पासवर्ड तुम्ही फळ्यावर लिहून ठेवलाय. समोरचा चहावालासुद्धा वापरतो. सूट दिली तर चोर त्याच वाटेने आत येईल. उद्या आपोआप उघडेल.”

किसनमामांनी तोंड वाकडं केलं. कुसुमताई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. सेक्रेटरीला हाकललेलं त्यांनी प्रथमच पाहिलं होतं.

भिंतीला टेकून बसलेली चिमाबाई हे सगळं बघत होती. ती उठली, पर्स उघडली आणि लेकीच्या हातात एक फोटो ठेवला. निळ्या साडीतला, स्टुडिओत काढलेला, आम्रपालीचाच. त्याचे कोपरे दुमडले होते. पर्समधून तो कितीतरी रविवार विहारात येऊन परत गेला असावा.

“किसनदादाला दारात उभं करीना, ते चोराला कसलं करतंय,” ती म्हणाली. “टाक आता हा.”

आम्रपालीने फोटोचे कोपरे अंगठ्याने सरळ केले.

“उद्या टाकते, आई,” ती म्हणाली. “आज मीपण बाहेरच आहे.”